खुर्ची, बाक आणि सोफा

बोईसरच्या फ्लॅटमध्ये आजीचा सागवानी पलंग नव्या सोफ्याशेजारी ठेवला, की आलेगेले म्हणतात, "मेळ बसत नाही." मग पलंग भंगारात जातो. आम्ही विचारतो, या किनाऱ्यावर एकजिनसी घर होते तरी कधी?

शब्दच पाहा. खुर्ची अरबी 'कुर्सी'ची. आयतुल कुर्सी आपल्याला पाठ, पण खुर्चीवर बसताना ती आठवत नाही. तक्तपोस फारसी. बाक पोर्तुगिजांचा, उर्दूतली अलमारीही त्यांचीच. मराठ्यांनी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला घेतला. फिरंगी गेले, बाक राहिला. आणि सोफा? तो अरबी 'सुफ्फा'. मस्जिदे नबवीत ज्या छपराखाली गरीब सहाबा राहत, त्या जागेचे नाव हेच. हा शब्द तुर्कस्तान, युरोप फिरून इंग्रजीतून आपल्याकडे आला. दुकानदार मात्र त्याला 'फॉरेन' म्हणून विकतो!

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरात-सिंधचे कारागीर पोर्तुगिजांसाठी युरोपी घाटाच्या पेट्या घडवीत आणि त्यांवर हस्तिदंतात आपल्या वेलबुट्ट्या जडवीत.

१९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे एमआयडीसी वाढली, देशभरचे लोक आले. खोल्या लहान, म्हणून खाली पेटी असलेला दिवाण आला. बादशाही कचेरीचे फारसी नाव आता गोधड्यांच्या पेटीला!

तेव्हा पलंग मोठा वाटत असेल, तर सुताराकडून कापून लहान करून घ्यावा. साग पुन्हा तासता येतो. प्लायवुड इथल्या पावसाळ्यात भिजले, की फुगते.