औद्योगिक अपघात-अन्वेषण

कामाच्या ठिकाणी घडलेल्या अपघाताची कारणे पद्धतशीरपणे शोधून त्याची पुनरावृत्ती टाळण्याचे उपाय ठरविण्याची प्रक्रिया. भरपाई वा शिक्षा ठरविण्यासाठी होणाऱ्या चौकशीहून ती भिन्न होय. हा भेद भारतीय कायद्यात सावकाश रुजला. नांदेड व लातूर या कापूस व कडधान्यांच्या बाजारपेठांतील हंगामी उद्योगांना त्याचे विशेष महत्त्व आहे.

इतिहास : ब्रिटिश हिंदुस्थानातील १८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे घालण्याची तरतूद केली, तथापि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले. त्यामुळे सरकी काढण्याचे अनेक कारखाने कायद्याबाहेर राहिले. १९११ च्या अधिनियमाने हंगामी कारखान्यांचा समावेश केला. नांदेड व लातूर त्या काळी हैदराबाद संस्थानात होते. तेथे फसली १३३७ (इ. स. १९२७–२८) मध्ये स्वतंत्र कारखाना अधिनियम झाला. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर हा प्रदेश १९४८ च्या केंद्रीय अधिनियमाच्या कक्षेत आला.

या अधिनियमानुसार मृत्यू ओढवल्यास, अथवा इजेमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामास मुकल्यास अपघाताची सूचना देणे आवश्यक झाले. कारणांच्या चौकशीसाठी सक्षम व्यक्ती नेमण्याचा अधिकार राज्य शासनास मिळाला. १९७६ च्या दुरुस्तीने मृत्यूची चौकशी सूचना मिळाल्यापासून एक महिन्यात करण्याचे बंधन घातले. तसेच कोणास इजा झाली नसली, तरी विहित धोकादायक घटना कळविणे आवश्यक ठरविले. इजा होण्यापूर्वीच धोका ओळखावा, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

कारणमीमांसा : अमेरिकन लेखक एच. डब्ल्यू. हाइनरिख यांनी १९३१ मध्ये ८८ टक्के अपघातांचे मूळ व्यक्तींच्या असुरक्षित कृतींत असल्याचे प्रतिपादन केले. पुढे या मतावर बरीच टीका झाली. कारण कामगाराच्या निष्काळजीपणाशी चौकशी थांबली, की यंत्र आहे तसेच राहते. सरकी काढण्याच्या यंत्रात हात सापडल्यास आच्छादन का काढले होते, यंत्र चालू असताना सफाई का करावी लागली, ते थांबविण्याची कळ हाताशी होती काय आणि कामाची गती कोणी ठरविली, हे प्रश्न विचारावे लागतात. उपाययोजनेत यंत्ररचनेतील बदलास अग्रक्रम असतो; सूचना व ताकीद यांचे स्थान त्यानंतरचे. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुले यांना कामास लावण्यास १९४८ च्या अधिनियमाने मनाई केली. यंत्राची भरण्याची व बाहेर पडण्याची बाजू छतापर्यंतच्या भिंतीने वेगळी केल्यासच भरण्याच्या बाजूस स्त्रियांना काम देता येई. येथे रक्षणाचा भार कामगाराच्या सावधगिरीवर न टाकता इमारतीच्या रचनेवर टाकलेला दिसतो.

मर्यादा : १९४८ च्या अधिनियमात यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी किमान १० कामगारांची अट होती. व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये ती २० करण्यात आली. त्यामुळे डाळीच्या लहान गिरण्या ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर राहू शकतात. अपघाताची सूचना देण्याचे बंधन मात्र १० कामगारांच्या आस्थापनेसही आहे. हंगाम संपताच कामगार पांगतात व साक्षीदार दुर्मिळ होतात. म्हणून जागेची पाहणी, जबाब व यंत्राच्या स्थितीची नोंद तत्काळ होणे अगत्याचे असते. पुढील हंगामापूर्वी यंत्रात वा कार्यपद्धतीत बदल झाला नाही, तर अशी चौकशी केवळ कागदोपत्री राहते.