दाराशी गेलेला कागद

समन्स उलटं करून वाचायची सवय मला नोकरीत लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. पुढच्या बाजूला काय असतं ते ठरलेलं: कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, तारीख, गोल शिक्का. हकीकत मागं असते. ‘सकाळी ९ वाजता दिले पत्त्यावर गेलो. प्रतिवादी घरी मिळून आले नाहीत. पत्नीने शेतावर असल्याचे सांगितले. शेतावर जाऊन समक्ष नक्कल दिली, सही घेतली.’ बॉलपेनाच्या तीन-चार ओळी आणि खाली बेलिफाची सही. माणसाला आपल्यावर दावा झालाय हे कळलंच नसेल, तर पुढची साक्ष, युक्तिवाद, निकाल सगळं अधांतरी राहतं. म्हणून त्या ओळींना मी फार मानते.

१९८६ साली नगर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि शेवटची अकरा वर्षं नाझर होते. बेलीफ, शिपाई, हमाल सगळे ‘नाझरबाई’ म्हणत. नाझर म्हणजे अरबीत पाहणारा, लक्ष ठेवणारा. कामही तसंच. सकाळी समन्स, नोटिसा, जप्ती वॉरंटं रजिस्टरला चढवायची, बेलिफांना त्यांच्या त्यांच्या गावांप्रमाणे वाटायची, परत आलेल्यांचे शेरे तपासायचे, न बजावलेल्यांचं कारण विचारायचं. पक्षकारांचा भरणा घ्यायचा, पावती फाडायची, साक्षीदाराचा भत्ता चुकता करायचा. कोर्टाच्या खुर्चीचा पाय मोडला तरी हाक नाझराला. न्यायदानाचा इतिहास लिहिणारे न्यायमूर्तींविषयी लिहितात, गाजलेल्या खटल्यांविषयी लिहितात. कागद दाराशी कोण नेत होतं, त्याचं पोट कशावर चालत होतं आणि तो खोटं बोलला तर त्याला कोण धरत होतं, हे त्यात सापडत नाही. मला मात्र सगळा इतिहास याच बाजूनं दिसतो.

पेशवाईच्या कागदांत ‘मसाला’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. स्वयंपाकघरातला नव्हे. ज्याला सरकारातून बोलावणं गेलं, त्यानंच बोलवायला आलेल्या शिपायाचा खर्च सोसायचा, तो मसाला. म्हणजे दारात शिपाई उभा राहिला की निवाडा व्हायच्या आधीच घराला खर्च सुरू. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्यानं सरकारला ‘हरकी’ द्यायची आणि हरणाऱ्यानं ‘गुन्हेगारी’. गावात आधी पाटील समजूत घाली, मग पंचायत बसे. आणि सावकाराला पंचायतीशिवायही एक वाट मोकळी होती: तकाजा. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या तकाज्याचं वर्णन आहे. साध्या मागणीपासून ते दारात धरणं धरून बसण्यापर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. वसुली करणारा आणि ज्याचं येणं आहे तो एकच, मध्ये कुणी तिऱ्हाईत नाही. कायदा आल्यावर काय बदललं असं कुणी विचारलं, तर मी आधी एवढंच सांगेन की मध्ये एक तिऱ्हाईत आला, आणि तो पगारी होता.

१८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र बांधले गेले. त्यांना एल्फिन्स्टन कोड म्हणतात. १८५९ साली दिवाणी कामाची पहिली संहिता आली. १८६२च्या ऑगस्टमध्ये मुंबईचं हायकोर्ट सुरू झालं आणि १८६९च्या कायद्यानं जिल्हा कोर्टं आणि त्यांच्याखालची कोर्टं यांची आजची उतरंड बसली. मसाला गेला. आता दावा लावणाऱ्यानं समन्साची फी आधी कोर्टात भरायची. जुने लोक तिला तलबाना म्हणत. दिवाणी कैदेचं तर आणखी स्पष्ट आहे: पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कर्जदाराला तुरुंगात टाकायचं असेल, तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता धनकोनं भरायचा. भत्ता थांबला की माणूस सुटतो. ही तरतूद आजच्या संहितेतही आहे. दारात आलेल्या माणसाचा खर्च कुणी सोसायचा, या एका प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांत पार उलटलं.

पण तलबाना भरला म्हणजे समन्स पोचलंच असं नाही. याची किंमत आमच्याच मुलखानं मोजली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. लोण आमच्या जिल्ह्यातही आलं. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांतल्या गावांत पोचलं. लोकांनी कर्जखतं मागितली, हुकूमनामे मागितले आणि चव्हाट्यावर जाळले. माणसांवर फारसा हात टाकला नाही. राग कागदावर होता. पुढं सरकारनं आयोग नेमला, आणि त्याच्यापुढं आलेल्या तक्रारींतली एक आमच्या खात्याची होती: कोर्टातले कितीतरी हुकूमनामे एकतर्फी झालेले. कुणब्याला कोर्टाचं तोंड माहीत नाही, तारीख माहीत नाही, आणि एक दिवस बैल सोडून न्यायला माणूस येतो. आमच्या कोर्टात ‘एकतर्फी’ हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारला जाई. मला दर वेळी सुपं आठवायचं असं म्हणत नाही, पण शेरा तपासताना पुष्कळदा आठवायचं.

त्या दंग्यातून १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. लोक त्यातलं एकच कलम लक्षात ठेवतात, की पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. माझ्या मते त्याहून मोलाच्या दोन गोष्टी त्यात होत्या. एक, कर्जदार राहतो तिथल्याच कोर्टात दावा लावायचा. दुसरी, प्रतिवादी कर्जदाराला कोर्टानं साक्षीदार म्हणून तपासायचं. तपासायचं नसेल तर कारण लिहून ठेवायचं. माणूस कोर्टासमोर आणणं हेच आता कोर्टाचं कर्तव्य झालं. समन्स खोटं बजावून भागणार नव्हतं.

आणि हे सगळं नीट चाललंय की नाही हे पाहायला स्पेशल जज्ज नेमला. महादेव गोविंद रानडे १८८१ पासून या कामात होते आणि १८८७ पासून स्वतः स्पेशल जज्ज झाले; १८९३ साली हायकोर्टावर जाईपर्यंत चार जिल्ह्यांतली कोर्टं तपासत फिरणं हे त्यांचं काम होतं. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत ते फिरतीचे दिवस आहेत. रानडे म्हटलं की प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा आणि काँग्रेस आठवते. मला तालुक्याच्या कोर्टात दप्तर मागवून बसलेले रानडे दिसतात. इतका मोठा विद्वान माणूस वर्षानुवर्षं गावोगावच्या दाव्यांचे निकाल आणि कागद तपासत होता, याचा आमच्या खात्यातल्या माणसांना अभिमान वाटायला हवा. तपासणी हा शब्द ऐकला की आमच्या ऑफिसात धावपळ उडे, दप्तराचे रुमाल नव्यानं बांधले जात. त्या तपासणीची परंपरा इतकी थोर आहे हे मला नोकरीत कुणी सांगितलं नाही. नंतर वाचून कळलं.

१९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता अजून चालू आहे. तिचं कलम ६० आमच्या बेलिफांना पाठ असे. काय जप्त करायचं नाही याची ती यादी: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या चालीप्रमाणे बाईनं अंगावेगळे न करायचे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं. कलम ६२ सांगतं, सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी राहत्या घरात शिरायचं नाही. स्थावर जप्त केलं तर दवंडी पिटायची, हुकुमाची प्रत जागेवर आणि कोर्टाच्या फलकावर लावायची. कायद्याची पुस्तकं जाड आणि इंग्रजी, पण ही कलमं चालत-बोलत दारापर्यंत जात ती बेलिफाच्या तोंडून.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा नाझर शाखेत लिपिक होते. आमचे सगळ्यांत जुने बेलीफ, त्यांना सगळे अण्णा म्हणत, हुकूमनाम्याच्या वसुलीच्या एका दरखास्तीत जंगम जप्तीला गेले. देणेकरी शिंपी होता. माल दाखवायला हुकूमनामावाला बरोबर, बाहेर टेंपो उभा. घरात एक लाकडी कपाट, टेबलफॅन, रेडिओ आणि खिडकीपाशी पायानं चालवायचं शिलाई मशीन. हुकूमनामावाल्यानं आधी मशिनावर हात ठेवला. अण्णा म्हणाले, हात काढा, ते त्याचं हत्यार आहे. कपाट, पंखा, रेडिओ यांचा पंचनामा करून ते आले. दुसऱ्याच दिवशी बेलीफ फितूर झाल्याचा लेखी अर्ज कोर्टात पडला.

अण्णांचा खुलासा मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. अर्ध्या पानाचा होता. मशीन जुनं असून शिंपीकाम हेच देणेकऱ्याचं उपजीविकेचं साधन आहे, शिवायला आलेले कपडे मशिनाशेजारी घड्या करून ठेवलेले पाहिले, सबब कलम ६० प्रमाणे जप्त केलं नाही. ‘घड्या करून ठेवलेले’ हे शब्द मी गाळत होते, फाफटपसारा वाटला म्हणून. अण्णा म्हणाले, “बाई, ते राहू द्या. त्यावरूनच कळतं तो रोज शिवतो.” साहेबांनी अर्ज निकाली काढताना नेमकं तेच वाक्य उद्धृत केलं. मी पुढं नाझर झाले तेव्हा नव्या बेलिफाला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगत असे.

या माणसांचा धनी कोण, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत गुंत्याचा राहिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कोर्टांवर ताबा हायकोर्टाचा. आमची नेमणूक, बदली, शिक्षा जिल्हा न्यायाधीशांकडून. पण पदं मंजूर करायची, पगाराला पैसा द्यायचा तो राज्य सरकारच्या विधी व न्याय विभागानं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं व्हायचं. कामाचं ओझं हायकोर्टाला दिसे, तिजोरी मंत्रालयात. दावे वाढत, बेलिफांची पदं तेवढीच राहत आणि एकेकाच्या वाट्याला दोघांची गावं येत. १९९६ साली नेमलेल्या शेट्टी आयोगाकडे न्यायाधीशांबरोबर कोर्ट कर्मचाऱ्यांचाही विषय गेला, २००३ साली त्याचा आमच्यापुरता वेगळा अहवाल आला. पगाराचं पुष्कळ सुधारलं. त्याहीपेक्षा मला बरं वाटलं ते याचं, की देशपातळीवरच्या एका कागदात बेलीफ, शिपाई, लिपिक यांच्या कामाचा विचार झाला.

दरम्यान भाषाही बदलत गेली. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये तळाच्या कप्प्यातले रुमाल सोडले की मोडी निघे. वाचणारं कुणी नव्हतं. १९९८ साली जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना निघाली. बेलिफांचे शेरे त्याआधीपासूनच मराठीत होते.

संहितेच्या २००२च्या दुरुस्तीनं समन्स कुरिअरनं, ई-मेलनं पाठवायची सोय झाली. आणि माझ्या शेवटच्या वर्षांत बेलिफांना मोबाइल मिळाले. एनस्टेप नावाची यंत्रणा: दाराशी उभं राहून फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, सही पडद्यावर घेता येते. मला हे मनापासून आवडलं. घरी बसून शेरा लिहायची सोय संपली. १८७५ साली असं काही असतं तर, असा विचार मनात येऊन गेला.

निवृत्तीच्या आठवड्यातली गोष्ट. नवा मुलगा, नोकरीला दोन वर्षं झालेली, डोंगराकडच्या गावाहून समन्स घेऊन परतला. मोबाइल माझ्यापुढं धरला. पत्र्याचं दार, कडीला कुलूप, कोपऱ्यात वेळ आणि ठिकाण.

“बाई, गेलो होतो त्याचा पुरावा आहे.”

“शेजारी कुणाला विचारलंस?”

विचारलं होतं त्यानं. शेजारची म्हातारी म्हणाली, सगळं घर ऊसतोडीला गेलंय, पाडव्याच्या सुमाराला येतील.

“मग ते कुठं लिहिलंस?”

त्यानं माझ्याच टेबलावरचं पेन उचललं, समन्स उलटं केलं आणि उभ्या उभ्याच लिहायला लागला.