वांड, व्रात्य आणि पंक

बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडं ऐकत नसलेल्या पोराला ‘वांड’ म्हणतात. जनावरालाही तोच शब्द. दावं तोडून दुसऱ्याच्या ज्वारीत घुसणाऱ्या वांड गुराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवतात. पळायला गेलं की ते पुढच्या नडग्यांवर आपटतं. शाळेत मात्र त्याच पोराला मास्तर ‘व्रात्य’ म्हणतात. हा शब्द कसा सोवळ्यातला वाटतो. त्याचं कूळ काढलं तर मास्तरच दचकतील.

‘व्रात’ म्हणजे टोळी. टोळीनं हिंडणारा तो व्रात्य. काही जण त्याचं नातं ‘व्रता’शीही जोडतात, पण मला टोळीच पटते. सामवेदाच्या तांड्य ब्राह्मणात या लोकांचा सगळा थाट नोंदलेला आहे: डोक्याला पागोटं, हातात पराणी, काळं वस्त्र, कातडी, गळ्यात चांदीचा दागिना. तक्रारही आहे: दीक्षा घेतलेली नसताना हे दीक्षितांची भाषा बोलतात. शिष्टांचा खरा राग बहुधा तिथंच असावा. या व्रात्यांना रांगेत घ्यायचा विधी म्हणजे व्रात्यस्तोम. उलट अथर्ववेदाचं अख्खं पंधरावं कांड व्रात्याचा गौरव करतं.

काळे कपडे, गळ्यात धातू, वेगळी बोली. इंग्रजी ‘पंक’ची आठवण येते ती इथं. शेक्सपिअरच्या काळात पंक म्हणजे वेश्या. पुढं अमेरिकेत तो भुरटा गुंड झाला. १९७६च्या सुमारास लंडनच्या पोरांनी फाटक्या कपड्यांना सेफ्टी पिना लावून ती शिवी बिरुदासारखी मिरवली.

आपल्याकडं उलटं झालं. मनुस्मृतीनं व्रात्याला वयाच्या हिशेबात बसवलं: ब्राह्मणाची मुंज सोळा, क्षत्रियाची बावीस आणि वैश्याची चोवीस वर्षांपर्यंत झाली नाही, तर तो व्रात्य. टोळी गेली, चुकलेला विधी उरला. शिवाजी महाराजांची मुंज राज्याभिषेकाच्या तोंडावर, मे १६७४मध्ये, चाळिशी उलटल्यावर रायगडावर झाली. त्याआधी प्रायश्चित्त करावं लागलं, ते याच हिशेबानं. शेवटी मराठीनं शब्दाचे दात काढले. आता व्रात्य म्हणजे फार तर पाहुण्यांच्या चपला लपवणारं पोर, आणि आई ते कौतुकानंच सांगते.

आष्टी तालुक्यात व्रात मात्र अजून आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली माणसं ऊसतोडीला निघतात, त्यांना टोळीच म्हणतात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कालचं वांड पोरगं लग्न झालं की मुकादमाच्या वहीत बायकोसकट एक कोयता म्हणून धरलं जातं.