बागेतून निसटलेल्या शोभेच्या सुरणकुलीन वनस्पती

सुरण कुलातील (ॲरेसी) ज्या शोभेच्या वनस्पती कुंडी-वाफ्यातून सुटून ओढ्याकाठी, पडीक जागी वा रानात आपोआप वाढू लागतात, त्यांची ओळख. या कुलाची खात्रीची खूण फुलोऱ्यात असते: मांसल दांड्यावर (स्थूलकणिश) दाटीने बसलेली बारीक फुले आणि त्याला वेढणारा मोठा छद (महाछद). मात्र निसटलेल्या वेलींवर फुलोरा क्वचितच दिसतो; ओळख पानांवरून करावी लागते, आणि तिथेच चुका होतात.

मनीप्लांट (एपिप्रेम्नम ऑरियम) ही मूळची प्रशांत महासागरातील मूरेआ बेटाची वेल. 1880 मध्ये तिचे वर्णन झाले ते पोथॉस प्रजातीत. आजचे नाव 1964 चे. फुलेच येत नसल्याने नावाचा घोळ लांबला. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारे एक जनुक निकामी असल्याने ती फुलत नाही, असे 2016 मध्ये दिसून आले. तिचा सारा प्रसार तुटलेल्या खोडाच्या पेरांतून होतो. कुंडीत तळहाताएवढे राहणारे पान झाडावर चढल्यावर पाऊण मीटरपर्यंत वाढते, कडेपासून आत चिरत जाते आणि अगदी परके दिसते. सह्याद्रीतील देशी गणेशकंदाशी (रॅफिडोफोरा पर्ट्युसा) तिची गल्लत होते ती यामुळेच. गणेशकंदाच्या पानाला चिरांबरोबर मध्यशिरेजवळ छिद्रेही असतात; मनीप्लांटच्या पानावर बहुधा पिवळे शिंतोडे आढळतात. एकट्या रंगावर विसंबू नये, वेल जमिनीपर्यंत शोधत जाऊन कोवळी पानेही पाहावीत. देशी पोथॉस स्कँडेन्स ओळखणे सोपे: त्याचा देठ पानासारखा रुंद व चपटा असतो.

सिंगोनियम (सिंगोनियम पोडोफायलम) मेक्सिको व मध्य-दक्षिण अमेरिकेतील. कोवळे पान बाणाच्या टोकाचे, तर जून पान पाच किंवा अधिक दलांत विभागलेले. दोन्ही एकाच वेलीवर सापडली की शंका उरत नाही. खोड मोडल्यास दुधी चीक येतो. फ्लोरिडात ही वेल उपद्रवी गणली जाते. मनीप्लांटही तशीच पसरते: श्रीलंकेत कँडीजवळच्या उडवत्तकेले जंगलात तिने जमीन व झाडे व्यापली आहेत.

कॅलेडियम (कॅलेडियम बायकलर) अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. अळूप्रमाणे याचाही देठ पानाच्या कडेला नव्हे, पाठीला जोडलेला असतो. गुलाबी-पांढरे ठिपके ठळक असले तर ओळखू येते, फिके असले तर अळूच वाटते. पिस्टिया पाण्यावर तरंगणारी, देठहीन मखमली पानांचा गुच्छ असलेली. जलपर्णीचे फुगीर देठ तिला नसतात.

झाडावर एखादी वेल दिसली म्हणून ती निसटली असे ठरवू नये. कुणी लावलेली नसताना पिढ्यानुपिढ्या टिकून पसरत असेल, तरच तशी नोंद करावी. छाटलेल्या फांद्या ओढ्यात वा रानाच्या कडेला टाकणे हेच पसरण्याचे मोठे कारण आहे. त्या पूर्ण वाळवून मगच टाकाव्यात. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांनी तोंड व घसा सुजतो. ओळख न पटलेले अळूसारखे पान भाजीसाठी खुडू नये.