खबर आणि तहकीक

डिसेंबर २०२० मध्ये आमच्या करमाळा तालुक्यात दोन प्राणी वावरत होते. पहिला बिबट्या होता. उसाच्या फडांतून आणि केळीच्या बागांतून तो फिरत होता आणि महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने तालुक्यातील तिघांचा जीव घेतला. दुसरा प्राणी लोकांच्या तोंडी होता. तो एकाच रात्री चार गावांत दिसे, गोळी त्याला लागत नसे, आणि तो जनावर नव्हेच, काही वेगळेच आहे, असेही काही जण दबक्या आवाजात सांगत. कुठल्या तरी दूरच्या जंगलातले फोटो मोबाइलवर 'आपल्या शिवारातला' म्हणून फिरत होते. वनखात्याने पावलांचे ठसे पाहिले, पिंजरे लावले, माणसे नेमली आणि १८ डिसेंबर रोजी वांगी परिसरात पहिला प्राणी गोळीला बळी पडला. दुसरा मात्र अजून मेलेला नाही. तो कधी बिबट्या होतो, कधी भानामती, कधी जिन्न.

या दुसऱ्या प्राण्याचा माग काढण्याचे काम फार जुने आहे. त्यात मुसलमान लेखकांनी मोठी मेहनत घेतली आहे आणि त्यातील एक धागा थेट आपल्या कोकणाशी जोडलेला आहे, ही गोष्ट आपल्या मुलांच्या कानावर सहसा जात नाही. म्हणून ती येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हिजरी ३०४ म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास बगदादचा इतिहासकार अबुल हसन अली अल-मसऊदी हा सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. त्या वेळी त्या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी होते आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलेबाळेही होती.

त्या काळी अरबी जगात गेंड्याविषयी एक कथा प्रसिद्ध होती. गेंड्याची मादी सात वर्षे गाभण राहते, पोटातले पिल्लू अधूनमधून डोके बाहेर काढून गवत खाते आणि पुन्हा आत घेते, अशी ती कथा. ही कथा कोणा ऐऱ्यागैऱ्याने सांगितलेली नव्हती. हिजरी २५५ मध्ये वारलेला बसऱ्याचा महापंडित अल-जाहिज याच्या 'किताबुल हयवान' या ग्रंथात ती आली होती. जाहिजचे नाव एवढे मोठे की दुसरा कोणी असता तर मान डोलावून पुढे गेला असता. मसऊदीने तसे केले नाही. गेंड्याच्या मुलखात ये-जा करणाऱ्या सिराफ-ओमानच्या माणसांना आणि हिंदुस्थानात भेटलेल्या व्यापाऱ्यांना त्याने हा प्रश्न विचारला. सगळ्यांनी आश्चर्य केले. ते म्हणाले, गाय-म्हैस जशी गाभण राहते आणि विते, तशीच ही मादीही विते. मसऊदीने हे सारे आपल्या 'मुरूजुज्जहब' या ग्रंथात नोंदवले आणि जाहिजला ही गोष्ट कुठून मिळाली, एखाद्या ग्रंथातून की कोणा सांगणाऱ्याकडून, ते आपल्याला ठाऊक नाही, एवढेच म्हणून तो थांबला.

या छोट्याशा प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मसऊदीने जाहिजची निंदा केली नाही आणि त्याच्या मोठेपणाला पुरावाही मानले नाही. ज्यांनी जनावर पाहिले असण्याची शक्यता होती, अशा खलाशांना आणि व्यापाऱ्यांना त्याने विचारले. कोणाला विचारले तेही लिहिले. मसऊदीच्या ग्रंथात अद्भुत गोष्टी नाहीत असे मुळीच नाही, त्या भरपूर आहेत. परंतु जिथे विचारणे शक्य होते तिथे त्याने विचारले.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी अबू रैहान अल-बैरुनी आला. इ.स. ९७३ मध्ये ख्वारिज्ममध्ये जन्मलेल्या या विद्वानाने संस्कृत शिकून इ.स. १०३० च्या सुमारास 'किताबुल हिंद' पूर्ण केला. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांची किंमत सारखी नसते, या विचारानेच त्या ग्रंथाचा आरंभ होतो. याच ग्रंथात कोकणातील 'शरभ' नावाच्या प्राण्याचे वर्णन आहे. म्हशीसारखा पण गेंड्याहून मोठा, खाली चार पाय आणि पाठीवरही वर वळलेले चार पायांसारखे काही, हत्तीला फाडणारी दोन मोठी शिंगे. आकाशात मेघ गडगडला की तो त्याला शत्रूचा आवाज समजतो, त्याचा पाठलाग करीत कड्यावर चढतो आणि उडी घेऊन चक्काचूर होतो. अल-बैरुनी कोकणापर्यंत आला नव्हता, त्याचे हिंदुस्थानातील वास्तव्य मुख्यतः पंजाबच्या बाजूचे. म्हणून यातील नवलाच्या गोष्टी तो 'लोक असे सांगतात' म्हणून सांगतो. त्याच ठिकाणी गेंड्याविषयी लिहिताना मात्र त्याची भाषा बदलते. गेंड्याच्या पिल्लाने हत्तीवर केलेला हल्ला आपण स्वतः पाहिला, असे तो स्पष्ट लिहितो. पाहिलेले एका बाजूला, ऐकलेले दुसऱ्या बाजूला. ही रेघ त्याने पुसू दिली नाही.

मग हा शरभ गेला कुठे? जंगलात तो कोणालाच सापडला नाही, पण दगडात तो आजही उभा आहे. कोकणातच, सिद्दींच्या जंजिरा किल्ल्याच्या दरवाजावर, पंजात हत्ती धरलेले एक जनावर कोरलेले आहे. शिवनेरीच्या दरवाजांवरही शरभशिल्पे आहेत. त्यांना आठ पाय नाहीत, रूप सिंहासारखे आहे. करमाळ्याला लागूनच असलेल्या परंड्याच्या किल्ल्यावर पूर्वी 'मलिक-ए-मैदान' ही तोफ होती. इ.स. १५४९ मध्ये ती अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ओतली गेली आणि १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेण्यात आली. तिचे तोंड सिंहाच्या जबड्याचे आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. हिंदू राजे असोत, निजामशाही असो की सिद्दी, हत्तीला मारणारे जनावर सर्वांनाच हवे होते, कारण ते सत्तेची खूण होती. तेव्हा दंतकथेतील प्राण्याचा शोध घेणे म्हणजे केवळ 'खोटे आहे' म्हणून हात झटकणे नव्हे. तो प्राणी माणसाला का हवासा वाटला, हेही त्या शोधात आले पाहिजे.

या चौकस वृत्तीचे मूळ मुसलमानांनी बाहेरून आणले असे नाही. एखाद्याने खबर आणली तर तिची छाननी करा, नाहीतर नकळत कोणावर तरी अन्याय कराल, असा आदेश सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. हदीसची रिवायत तपासताना कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले, तो माणूस भरवशाचा होता का, हे विचारणारे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. इ.स. ६३२ मध्ये पैगंबर (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. पैगंबरांनी ही समजूत तिथल्या तिथे दूर केली. कोणाच्या जन्माने वा मृत्यूने सूर्यचंद्राला ग्रहण लागत नाही, असे त्यांनी सांगितले. स्वतःच्या घरातील दुःखाला लोक चमत्काराचे मोठेपण देत असताना ते नाकारणे ही किती मोठी गोष्ट!

आता आपल्याकडे पाहू. पुणे-सातारा रस्त्यावरील शिवापूरला हजरत कमर अली दरवेश यांची दर्गाह आहे. तेथे सुमारे ९० किलोचा म्हणून सांगितला जाणारा गोल दगड अकरा जण एकेका बोटावर उचलतात आणि उचलताना दरवेशांचे नाव घेतात. नावामुळे दगड उचलला जातो, असा समज आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिले की नाव कोणतेही घ्या, अकरा जणांनी एकाच क्षणी जोर लावला की दगड वर येतो. हिशेब सोपा आहे. नव्वद भागिले अकरा, म्हणजे एका बोटावर आठ-सव्वाआठ किलो. पुकारा हा सर्वांचा जोर एका क्षणी यावा म्हणून उपयोगी पडतो. यात दरवेशांची थोरवी काही कमी होत नाही. त्यांची थोरवी दगडावर कधी अवलंबून नव्हती.

दगडाने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते घरात. मुलीला आकडी येते, दात आवळतात, तोंडाला फेस येतो. घरचे म्हणतात, 'असर' आहे. मग आमिल, मग धुनी, मग मारझोड, आणि औषधाचे महिने वाया जातात. शाळेत शिकवताना अशा मुली आम्ही पाहिल्या आहेत. शाळा त्यांचीच आधी सुटते. येथे एक फरक ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे. जिन्नचे अस्तित्व हा अकीद्याचा भाग आहे, त्यावर येथे वाद नाही. परंतु 'अमक्याच्या मुलीला जिन्नने धरले आहे' हा अकीदा नव्हे. ती एक खबर आहे, आणि खबरीची तहकीक करायची असते. सांगणारा कोण, त्याला कसे कळले, त्यात त्याला किती पैसे मिळतात, हे विचारल्याने ईमानाला धक्का बसत नाही. अल-बैरुनीशी पत्रांतून वाद घालणारा इब्न सीना (मृत्यू इ.स. १०३७) आपल्या 'अल-कानून'मध्ये आकडीची चर्चा मेंदूचा विकार म्हणून करतो. हजार वर्षांपूर्वी आपल्या हकीमांना जे ठाऊक होते, ते आपल्या मोहल्ल्याला आज परके का वाटावे?

महाराष्ट्रात यासाठी कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप-विंचू-कुत्रा चावला असता दवाखान्यात जाण्यापासून रोखणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. तो कोणा एका धर्माविरुद्ध नाही. मार खाणाऱ्या बाईचा धर्म त्यात विचारलेला नाही.

पण कायदा दारात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. सवय लहानपणीच लागली पाहिजे. करमाळ्यातील कमलाभवानी मंदिराच्या परिसरातील विहिरीला ९६ पायऱ्या आहेत, असे सांगतात. आम्ही मुलांना सांगतो, ऐकले ना, मग मोजून या. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. मग मोजायला सुरुवात कुठून केली, तुटलेली पायरी धरली की सोडली, यावर वर्गात जोरदार चर्चा होते. त्या चर्चेत मुले जे शिकतात तेच मसऊदीने चौलच्या काळात केले होते.

हीच मुले उद्या आई-बाप होतील. त्यांच्या घरी कोणाला आकडी आली, तर त्यांनी आधी दवाखान्याची वाट धरावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. दुआ घरी करता येते, आणि दवाखान्याच्या वाटेवरही करता येते.