कोष्टक कोणाच्या हाती? अंकांवर चालणाऱ्या यंत्राचा इतिहास (थ्रेड)

गतिनियंत्रक यंत्राची आज्ञावली लिहिणारा प्रोग्रॅमर आज ज्याला ‘अ‍ॅरे’ म्हणतो, ते मुळात एक कोष्टक असते. क्रमांक, त्यापुढे आडवे अंतर, त्यापुढे उभे अंतर. यंत्राने या ओळी एकामागून एक वाचायच्या आणि त्या त्या जागी जायचे. हे कोष्टक संगणकाच्या स्मृतीत शिरण्यापूर्वी काही काळ माणसाच्या तोंडी होते.

१९४०च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरची पाती तयार होत. पात्याच्या छेदाचा आकार १७ बिंदूंनी ठरवून दिलेला असे. मधली वक्ररेषा फ्रेंच कर्व्ह लावून हाताने जोडायची आणि तीवरून साचे कापायचे. पाते फिरते तेव्हा त्याच्या आकारातली लहानशी चूकही जिवावर बेतू शकते. त्यामुळे रेषा ‘अंदाजे’ जोडणे ही साधी गोष्ट नव्हती.

पार्सन्स यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांच्याकडे मात्र गणित होते. आयबीएमची पंचकार्ड यंत्रे तेव्हा प्रामुख्याने जमाखर्चासाठी वापरली जात. स्टुलेन यांनी ती वक्ररेषेच्या गणनेला जुंपली आणि १७ बिंदूंच्या जागी २०० बिंदू मिळू लागले.

मग कारखान्यात एक विलक्षण दृश्य दिसू लागले. एक कामगार छापील कोष्टकातील आकडे मोठ्याने वाचे, दुसरा आडव्या दिशेचे हातचाक फिरवी, तिसरा उभ्या दिशेचे. प्रत्येक बिंदूवर हत्यार टेकवायचे आणि बिंदूंच्या मध्ये उरलेले उंचवटे शेवटी कानशीने घासून काढायचे. ओळीमागून ओळ वाचणारे ‘लूप’ येथे हाडामांसाचे होते.

जेट विमानांच्या पंखांचे भाग अखंड धातूतून कोरण्याची गरज हवाई दलाला भासू लागली, तेव्हा १९४९ साली पार्सन्स यांना २ लाख डॉलरचे कंत्राट मिळाले. मोटारींच्या नियंत्रणासाठी त्यांनी एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळा सोबत घेतली आणि येथेच वाट फुटली. पार्सन्स यांना स्वस्त यंत्र हवे होते : बिंदू पुष्कळ घ्या, कार्डावर नोंदवा, कापत चला. प्रयोगशाळेला दोन बिंदूंमधला प्रवासही यंत्रानेच सलग करावा असे वाटत होते. छिद्रे पाडलेल्या फितीवर प्रत्येक अक्षाने किती सरकायचे आणि किती वेळात, हे नोंदले जाई. त्यावरून तिन्ही अक्षांच्या मोटारी एकाच वेळी चालत. सप्टेंबर १९५२ मध्ये प्रात्यक्षिक झाले तेव्हा नियंत्रकात जवळजवळ ३०० निर्वात नलिका होत्या. पार्सन्स तोवर प्रकल्पाबाहेर पडले होते. पेटंट मात्र त्यांनी त्याच वर्षी मागितले आणि १९५८ साली ते मिळवलेही.

याच सुमारास दुसरा एक मार्ग उपलब्ध होता. जनरल इलेक्ट्रिकने कुशल कारागिराच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपून त्या यंत्राकडून पुन्हा करवून घेण्याची पद्धत विकसित केली होती. तिथे कोष्टकाचा कर्ता स्वतः कारागीर होता. ती पद्धत मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ सालच्या ग्रंथात असे मांडले, की व्यवस्थापनाला कौशल्य कामगाराकडून काढून कचेरीत न्यायचे होते, म्हणून आकड्यांची पद्धत जिंकली. तीन अक्षांवरचा गुंतागुंतीचा पृष्ठभाग हाताने चालवून दाखवणे जवळजवळ अशक्य होते, हा तांत्रिक आक्षेप खरा आहे. पण तो विमानाच्या पंखाला लागू पडतो. सामान्य कारखान्यातील बहुतेक कामे इतकी अवघड नव्हती, आणि तेथे नोबल यांचा युक्तिवाद सहज खोडता येत नाही.

फितीचा दोषही याच वादात गुंतलेला आहे. फीत एका दिशेने सरकते. बारावी ओळ चुकली तर यंत्राजवळचा माणूस ती दुरुस्त करू शकत नसे. नवी फीत कचेरीतूनच यायची. १९७०च्या दशकात लहान संगणक यंत्रालाच जोडले गेले, तेव्हा कोष्टक स्मृतीत आले. आता कोणतीही ओळ क्रमांकाने थेट गाठता येई, बदलता येई, आणि चालू ओळ कापली जात असतानाच पुढच्या ओळीची गणना करता येई. दुरुस्तीसाठीच्या कळा थेट कामगाराच्या हाताखाली आल्या.

त्याबरोबर अनेक नियंत्रकांवर एक छोटे कुलूपही आले. ते बंद असले की स्मृतीतील आज्ञावली बदलता येत नाही. किल्ली कोणाच्या खिशात असावी, हा प्रश्न अनेक कारखान्यांत वादाचा ठरला.