फॅट फॉरमॅटिंग

फॅट फॉरमॅटिंग म्हणजे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, फ्लॉपी डिस्क किंवा हार्ड डिस्कचा एखादा विभाग अशा साठवण माध्यमावर फॅट ही फाइल प्रणाली नव्याने उभारण्याची प्रक्रिया होय. कमांड लाइनवरून ही प्रक्रिया लिनक्समध्ये एमकेएफएस.फॅट, एमएस-डॉस व विंडोजमध्ये फॉरमॅट, तर मॅकओएसमध्ये डिस्कयुटिल या आज्ञेने केली जाते. फॉरमॅटनंतर माध्यम रिकामे दिसते. परंतु झटपट पद्धतीत केवळ व्यवस्थापनाच्या नोंदी नव्याने लिहिल्या जातात आणि आधीच्या फाइलींचा मजकूर बहुतांशी जागेवरच राहतो. त्यामुळे चुकून फॉरमॅट झालेल्या माध्यमावरील माहिती पुष्कळदा परत मिळवता येते. त्याच कारणाने, केवळ फॉरमॅट करून विकलेल्या किंवा दुसऱ्याला दिलेल्या माध्यमातून खासगी माहिती बाहेर जाऊ शकते.

या लेखातील आज्ञा देवनागरी लिप्यंतरात दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांत व अंकांत टंकित कराव्या लागतात.

## इतिहास

फॅट हे नाव 'फाइल अ‍ॅलोकेशन टेबल', म्हणजे फाइलींना दिलेल्या जागेचा तक्ता, या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. या प्रणालीचे पहिले रूप मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये बेसिक भाषेच्या डिस्क आवृत्तीसाठी तयार केले. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ८६-डॉस या कार्यप्रणालीसाठी ती १२ बिटांच्या नोंदींसह स्वीकारली. पुढे हीच कार्यप्रणाली एमएस-डॉसचा पाया ठरली आणि १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर फॅट सर्वत्र पोहोचली.

हार्ड डिस्कची क्षमता वाढत गेली, तशा तक्त्यातील नोंदीही रुंद होत गेल्या. १९८४ मधील एमएस-डॉस ३.० सोबत १६ बिटांची फॅट१६ आली, तर १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आली. फॅट३२ मधील नोंद ३२ बिटांची असली, तरी त्यांपैकी २८ बिटच क्लस्टरच्या क्रमांकासाठी वापरले जातात. एक्सफॅट ही त्यानंतरची प्रणाली २००६ मध्ये आली. तिचे नाव सारखे असले तरी रचना वेगळी आहे.

## रचना

फॅट प्रणालीत माध्यमाचे मुख्यतः चार भाग पडतात.

* बूट सेक्टर व राखीव भाग: सेक्टरचा आकार, एका क्लस्टरमधील सेक्टरांची संख्या, तक्त्याच्या प्रतींची संख्या इत्यादी मूलभूत माहिती येथे असते. फॅट३२ मध्ये बूट सेक्टरची एक जादा प्रतही ठेवली जाते.
* तक्ता: माध्यमावरील प्रत्येक क्लस्टरसाठी यात एक नोंद असते. सुरक्षेसाठी सहसा तक्त्याच्या दोन प्रती ठेवतात.
* मूळ निर्देशिका: सर्वांत वरच्या पातळीवरील फाइली व फोल्डर यांची यादी. फॅट१२ व फॅट१६ मध्ये तिची जागा ठरलेली असते. फॅट३२ मध्ये ती इतर निर्देशिकांप्रमाणे मजकुराच्या भागातच असते.
* मजकुराचा भाग: फाइलींचा प्रत्यक्ष मजकूर येथे क्लस्टर या एककात साठवला जातो.

फाइलीची निर्देशिकेतील नोंद तिच्या पहिल्या क्लस्टरचा क्रमांक सांगते. समजा, तो ५ आहे. तक्त्यातील पाचव्या नोंदीत ६ असेल, तर पुढचा मजकूर सहाव्या क्लस्टरमध्ये आहे. सहाव्या नोंदीत ९ असेल, तर त्यापुढचा मजकूर नवव्यात आहे. नवव्या नोंदीत शेवटाची खूण आढळली की फाइल संपली. नोंदीत शून्य असल्यास तो क्लस्टर मोकळा असतो. इतकी साधी रचना अगदी लहान प्रोसेसरलाही हाताळता येते.

### उदाहरण: १.४४ एमबी फ्लॉपी

साडेतीन इंची फ्लॉपीवर ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट, म्हणजे एकूण २,८८० सेक्टर असतात. फॉरमॅट करताना १ सेक्टर बूटसाठी, प्रत्येकी ९ सेक्टर तक्त्याच्या दोन प्रतींसाठी आणि १४ सेक्टर मूळ निर्देशिकेसाठी जातात. या ३३ सेक्टरांनंतर उरलेले २,८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट, वापरकर्त्याला मिळतात. मूळ निर्देशिकेत जास्तीत जास्त २२४ नोंदी मावतात.

## निम्नस्तरीय व उच्चस्तरीय फॉरमॅट

फॉरमॅट हा शब्द दोन वेगळ्या क्रियांसाठी वापरला जातो. चुंबकीय पृष्ठभागावर ट्रॅक व सेक्टर आखणे हा निम्नस्तरीय फॉरमॅट, तर आखलेल्या सेक्टरांवर फाइल प्रणाली उभारणे हा उच्चस्तरीय फॉरमॅट होय. डॉसची आज्ञा फ्लॉपीवर दोन्ही कामे करू शकत असे. आजच्या हार्ड डिस्कवरील सेक्टर कारखान्यातच आखलेले असतात. त्यामुळे वापरकर्ता करतो तो फॉरमॅट नेहमी उच्चस्तरीय असतो. माध्यमाचे विभाग पाडणे ही याहून निराळी आणि सहसा आधी केली जाणारी पायरी आहे.

## कमांड लाइनवरील कृती

### लिनक्स

लिनक्समध्ये या कामाची साधने डॉसएफएसटूल्स या संचात मिळतात. क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

1. उपकरण ओळखणे: 'एलएसबीएलके' ही आज्ञा जोडलेली सर्व माध्यमे, त्यांचे विभाग व आकार दाखवते. पेन ड्राइव्ह 'एसडीबी' आणि त्याचा पहिला विभाग 'एसडीबी१' असा दिसू शकतो. ही नावे कायम नसतात. माध्यम काढून पुन्हा जोडल्यावर ती बदलू शकतात. म्हणून आकारावरून खात्री करणे आवश्यक असते.
2. विलग करणे: 'यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१' या आज्ञेने विभाग वापरातून मोकळा केला जातो.
3. फॉरमॅट: 'सुडो एमकेएफएस.फॅट -एफ ३२ -एन डाटा /डेव्ह/एसडीबी१' या आज्ञेने फॅट३२ प्रणाली तयार होते. येथे 'एन' हा पर्याय माध्यमाला नाव देतो. 'एफ' हे अक्षर कॅपिटल असावे लागते. लहान 'एफ' तक्त्याच्या प्रतींची संख्या ठरवतो.
4. तपासणी: 'एफएससीके.फॅट' ही आज्ञा नव्या प्रणालीची सुसंगती तपासते.

एमकेएफएस.फॅट सर्वसाधारणपणे 'खात्री आहे का' असे विचारत नाही. वापरात असलेला विभाग ती नाकारते. परंतु चुकीचा, पण विलग असलेला विभाग दिला तर काम ताबडतोब पार पाडते. एका अक्षराच्या चुकीने दुसऱ्याच डिस्कवरील नोंदी पुसल्या जाऊ शकतात, म्हणून पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची मानली जाते.

### विंडोज

विंडोजमध्ये 'फॉरमॅट ई: /एफएस:फॅट३२ /क्यू' अशी आज्ञा दिली जाते. 'क्यू' हा पर्याय झटपट फॉरमॅटसाठी, 'व्ही' नावासाठी आणि 'ए' क्लस्टरच्या आकारासाठी असतो. स्थिर डिस्कला आधीपासून नाव असल्यास आज्ञा ते नाव टंकित करण्यास सांगते. चुकीची डिस्क निवडली जाऊ नये, यासाठी ही अडवणूक उपयोगी पडते.

विंडोज २००० पासून फॉरमॅट आज्ञा ३२ जीबीपेक्षा मोठ्या विभागावर फॅट३२ तयार करत नसे. ही मर्यादा साधनाची होती, फाइल प्रणालीची नव्हे. इतरत्र तयार केलेले मोठे विभाग विंडोज वाचू शकत असे. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांड लाइनसाठी ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवण्यात आली.

### मॅकओएस

'डिस्कयुटिल लिस्ट' या आज्ञेने माध्यमाचा क्रमांक पाहून 'डिस्कयुटिल इरेजडिस्क' ही आज्ञा फॅट३२, नाव व विभाग पद्धतीसह दिली जाते. ती संपूर्ण माध्यमाचे विभाग नव्याने पाडते. केवळ फाइल प्रणाली लिहिण्यासाठी 'न्यूएफएस_एमएसडॉस' ही आज्ञा आहे.

## क्लस्टरचा आकार

फाइल कितीही लहान असली तरी किमान एक क्लस्टर व्यापते. क्लस्टर ३२ केबीचा असेल, तर १०० बाइटांची चिठ्ठीही ३२ केबी जागा अडवते. याउलट क्लस्टर लहान ठेवल्यास तक्ता मोठा होतो. फॅटचा प्रकार क्लस्टरांच्या संख्येवरून ठरतो: ४,०८५ पेक्षा कमी असल्यास फॅट१२, ६५,५२५ पेक्षा कमी असल्यास फॅट१६ आणि त्याहून अधिक असल्यास फॅट३२. म्हणूनच ३२ केबीच्या क्लस्टरसह फॅट१६ विभाग सुमारे २ जीबीपुढे जाऊ शकत नव्हता.

## मर्यादा

* फॅट३२ वरील एका फाइलीचा आकार ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइट, इतकाच असू शकतो. माध्यमावर मुबलक जागा असतानाही मोठी चित्रफीत उतरवता न येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.
* फाइलींची मालकी व वापराचे अधिकार नोंदवण्याची सोय नाही.
* बदलांची आगाऊ नोंद ठेवली जात नाही. लिहिणे चालू असताना माध्यम ओढून काढल्यास तक्ता व निर्देशिका विसंगत होऊ शकतात.

## देवनागरी नावे

मूळ फॅटमध्ये फाइलीचे नाव ८ व विस्तार ३ अक्षरांचा असे. विंडोज ९५ पासून लांब नावांची सोय झाली. ही नावे १६ बिटांच्या युनिकोड एककांत साठवली जातात. त्यामुळे फाइलींना देवनागरी नावे देता येतात. नावाची कमाल लांबी २५५ एकके असते, मात्र काना, वेलांटी व हलन्त ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. 'महाराष्ट्र' या शब्दाला १० एकके लागतात. माध्यमाचे स्वतःचे नाव मात्र ११ बाइटांचे व जुन्या संकेतप्रणालीतील असल्याने ते रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे ठरते. लिनक्समध्ये माध्यम जोडताना योग्य संकेतप्रणाली निवडलेली नसल्यास देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात. अशा वेळी मूळ नाव नष्ट झालेले नसते.

## माहितीची पुनर्प्राप्ती

झटपट फॉरमॅटमध्ये तक्ता शून्यांनी भरला जातो व मूळ निर्देशिका रिकामी केली जाते. मजकुराच्या उरलेल्या भागाला हात लावला जात नाही. उपफोल्डरांच्या याद्या त्याच भागात असल्याने त्यांतील फाइलींची नावे, आकार व पहिला क्लस्टर पुष्कळदा सापडतात. कॅमेऱ्यातील छायाचित्रे सहसा उपफोल्डरातच असतात, ही येथे जमेची बाजू ठरते. तक्त्यातील साखळी मात्र नाहीशी झालेली असते. त्यामुळे सलग क्लस्टरांत असलेली फाइल परत मिळते, तर विखुरलेली फाइल जोडणे कठीण जाते. फोटोरेकसारखी साधने नोंदींवर विसंबून न राहता फाइल प्रकारांच्या आरंभखुणा शोधतात.

चूक लक्षात येताच त्या माध्यमावर काहीही नवीन न लिहिणे, त्याची संपूर्ण प्रत काढणे आणि पुढील प्रयत्न त्या प्रतीवर करणे हा यातील सर्वमान्य मार्ग आहे. एमएस-डॉस ५.० मध्ये अशा चुकांसाठी 'अनफॉरमॅट' ही स्वतंत्र आज्ञाच देण्यात आली होती.

## गोपनीयता

माहिती खरोखर पुसायची असल्यास झटपट फॉरमॅट पुरेसा नाही. विंडोज व्हिस्टापासून 'क्यू' पर्यायाविना केलेला पूर्ण फॉरमॅट सर्व सेक्टरांवर शून्ये लिहितो. विंडोज एक्सपीमध्ये मात्र पूर्ण फॉरमॅटही केवळ खराब सेक्टर शोधत असे. लिनक्समध्ये 'डीडी' या आज्ञेने संपूर्ण विभागावर शून्ये लिहून मग फॉरमॅट करता येतो. फ्लॅश माध्यमांत झीज वाटून घेण्यासाठी नियंत्रक जागा बदलत राहतो. त्यामुळे वरून सर्वत्र लिहूनही काही जुने तुकडे आत राहू शकतात. संवेदनशील माहिती सुरुवातीपासून कूटबद्ध स्वरूपात ठेवणे हा यावरील अधिक भरवशाचा उपाय आहे.

## सद्य वापर

फॅट जुनी असली तरी वापरातून गेलेली नाही. यूईएफआय संगणक सुरू होताना ज्या विभागातून पहिला कार्यक्रम वाचतात, तो फॅट प्रणालीचाच असतो. एसडी कार्डांच्या मानकानुसार २ जीबीपर्यंतच्या कार्डांत फॅट१२ किंवा फॅट१६, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत फॅट३२ आणि त्याहून मोठ्या कार्डांत एक्सफॅट वापरली जाते. वेगवेगळ्या कार्यप्रणालींच्या संगणकांत व लहान उपकरणांत फाइलींची ने-आण करण्यासाठी फॅट३२ आजही निवडली जाते.

## हेसुद्धा पहा

* फाइल प्रणाली
* एक्सफॅट
* एनटीएफएस
* एमएस-डॉस
* पेन ड्राइव्ह